गिअर पॉलिश करायला टाकण्याआधी

रोज कामावर, शेताकडे, पाहुण्यांकडे जाणाऱ्या गाडीचे गिअर पॉलिश करून, म्हणजे त्यांचे दाते आरशासारखे गुळगुळीत करून, घेऊ नका. घाईत असाल तर उत्तर एवढंच आहे. पण नुसतं "नको" म्हटल्यानं गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. पैसे त्याचे, गाडी त्याची, मग कारणही त्याला कळायला हवं. शिवाय पॉलिश ही काही थाप नाही. योग्य गाडीत, योग्य जागी ते खरोखर काम करतं. आपली गाडी त्यात बसते का, हे कसं ओळखायचं ते लिहितो.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलची (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीची) कामं करतो. त्याआधी नऊ वर्षं भोसरीला एका कारखान्याच्या गिअर ग्राइंडिंग विभागात होतो. दाते तयार होताना तिथे पाहिले, आणि आता तेच दाते झिजून, तुटून माझ्या टेबलावर येतात.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आजऱ्याचा एक तरुण मारुती जिप्सी घेऊन आला. काजूचा धंदा, आठवड्यातून दोन वेळा आंबोली घाटानं सावंतवाडीला फेरी. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियल, सगळ्यांचे दाते आरशासारखे करून देतो म्हणून त्याला कुणीतरी २८,००० रुपये सांगितले होते.

"काका, तिसरा टाकताना कर्र वाजतंय, आणि साठच्या पुढं गेलं की गाडी घूं करतीया. पॉलिश केलं की दोन्ही जाईल म्हणालेत. ॲव्हरेज पण वाढंल."

"कोण म्हणालं ते राहू दे. आधी गाडी काढ, गोकुळ शिरगावपर्यंत जाऊन येऊ."

गाडीत बसल्यावर पाच मिनिटांत दोन गोष्टी कळल्या. कर्र आवाज फक्त तिसऱ्यालाच येत होता, तोही लिव्हर झटकन टाकली तरच. सावकाश टाकला की गिअर गुपचूप बसायचा. दुसरी गोष्ट, घूं आवाज तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यात सारखाच. वेग साठ असला की आवाज आहेच, गिअर कुठलाही असो. साठच्या पुढं न्यूट्रल करून गाडी तशीच वाहू दिली, इंजिन आयडलवर, तरी आवाज चालूच. म्हणजे तो गिअरबॉक्सच्या दात्यांचा नव्हता. चाकांच्या वेगाबरोबर जो बदलतो तो आवाज गिअरबॉक्सच्या मागून येतो, ट्रान्सफर केस, डिफरन्शियल किंवा चाकाच्या बेअरिंगमधून.

आता कर्र आवाजाचं. इथे बहुतेकांची एक समजूत चुकलेली असते. आपण लिव्हर ढकलतो तेव्हा दाते दात्यांत जाऊन बसतात असं वाटतं. तसं होत नाही. गाडी पुढे नेणारे सगळे गिअर कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात आणि फिरतच असतात. आपण सरकवतो ती स्लीव्ह, म्हणजे शाफ्टवर सरकणारं कडं. ती गिअरच्या अंगावरच्या बारीक दातऱ्यांवर जाऊन बसते, आणि बसण्याआधी दोघांचा वेग एक करायचं काम पितळी सिंक्रो रिंगचं. ही रिंग गिअरच्या पोलादी कोनावर दाबली जाते आणि ब्रेकसारखी घासते. रिंगच्या आतल्या बाजूला जे बारीक आटे असतात ते मधलं तेल कापून बाजूला सारण्यासाठी. आटे झिजले की रिंग तेलावर घसरते, वेग जुळत नाही, आणि कर्र होतं.

म्हणजे तिसऱ्या गिअरची तक्रार होती घर्षण कमी पडतंय अशी. पॉलिश करून तिथलं उरलंसुरलं घर्षणही गेलं असतं. सगळा गिअर कोनासकट आरशासारखा करून बसवलेला गिअरबॉक्स मी उघडलेला आहे. त्या गाडीला पहिल्यापासून चौथ्यापर्यंत सगळेच गिअर वाजत होते.

गिअर जड पडतात, अडकतात, वाजतात अशी तक्रार असेल तर मेकॅनिककडे जाण्याआधी घरीच एवढं करून पाहा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत हलके पडतात पण चालू गाडीत अडतात, तर क्लच पुरता सुटत नाही. मग क्लचची केबल, हायड्रॉलिक किंवा प्लेट बघायची. बंद गाडीतही अडतात, तर दोष लिव्हरच्या केबलचा, लिंकेजच्या बुशांचा किंवा स्लीव्ह सरकवणाऱ्या फोर्कचा. आणखी एक खूण आहे. चालू गाडीत क्लच पूर्ण दाबून चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही खरखर झाली तर क्लच ओढतोय हे नक्की. एखादाच गिअर आणि तोही घाईत टाकला तरच वाजतो, तर सिंक्रो. गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होतो, तर दातऱ्या गोल झाल्यात, नाहीतर फोर्क, गिअर जागेवर धरून ठेवणारी डिटेंटची स्प्रिंग, बेअरिंग यांतलं काहीतरी. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना गुरगुरते आणि क्लच दाबला की गप्प होते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

यांतल्या एकाही तक्रारीवर पॉलिश हा इलाज नाही.

आता ॲव्हरेजचं. त्या पोराला मी कॅल्क्युलेटर हातात दिला. वर्षाला १५,००० किलोमीटर, लिटरला १२, म्हणजे वर्षाचं पेट्रोल १,२५० लिटर. लिटर १०५ रुपये धरला तर १,३१,२५० रुपये. पॉलिशमुळे इंधनात अर्धा टक्का बचत होते असं मी सढळ हातानं धरलं. ते झाले ६५६ रुपये वर्षाला. २८,००० भागिले ६५६, म्हणजे ४२ वर्षांहून जास्त. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला होता. तुम्हीही आपल्या गाडीचा हिशेब असाच करा. फक्त समोरचा माणूस दहा टक्के बचत सांगायला लागला तर त्याला विचारा की गिअरच्या एका जोडीत मुळात वाया किती जातं. चांगल्या हेलिकल, म्हणजे तिरक्या दात्यांच्या, जोडीत शंभरातला एक भाग किंवा त्याहून कमी जातो. जे मुळात वायाच जात नाही ते वाचणार कुठून?

जिप्सीच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. तिचा गिअरबॉक्स गाडीच्या लांबीत बसवलेला, मागच्या चाकांना जोर देणारा. अशा गिअरबॉक्सात चौथा गिअर थेट असतो, इनपुट आणि आउटपुट शाफ्ट स्लीव्हनं एकमेकांना जोडले जातात आणि जोर सरळ पार होतो. शेजारच्या समांतर काउंटर शाफ्टचे दाते फिरतात, पण रिकामे. म्हणजे सपाट रस्त्यावर चौथ्यात गाडी चालवणाऱ्यानं गिअरबॉक्सचे दाते सोन्याचे केले तरी त्याच्या पदरात काही पडत नाही. स्विफ्ट किंवा अल्टोसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत तसं नाही. तिथे प्रत्येक गिअरमध्ये एक जोडी आणि पुढे फायनल ड्राइव्हची जोडी, अशा दोन जोड्यांवरून जोर जातोच.

जिप्सीचे खरे राबणारे दाते असतात ट्रान्सफर केसमध्ये आणि डिफरन्शियलमध्ये. तिची ट्रान्सफर केस हायमध्येही, म्हणजे नेहमी रस्त्यावर चालवायच्या जागीही, थेट नसते, साधारण १.४ च्या गुणोत्तरानं वेग कमी करते. त्यामुळे गाडी टू-व्हीलमध्ये असो की फोर-व्हीलमध्ये, भार तिथल्या दात्यांवरून जातोच. जुनी जिप्सी गुणगुणते त्याचं एक मोठं कारण हे.

पॉलिश म्हणजे नेमकं काय करतात

हे नीट सांगायला हवं, कारण पॉलिश या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळी कामं चालतात.

ग्राइंडिंगहून आलेला दाता हाताला गुळगुळीत लागतो. पण त्याचा खडबडीतपणा मोजला तर आरए, म्हणजे सरासरी उंचसखलपणा, साधारण ०.४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास येतो, कधी जास्तही. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या घरात, यावरून अंदाज करा. आता हे ०.४ मोजायचं कारण काय? तर गरम गाडीत दोन दात्यांच्या मध्ये तेलाचा जो थर टिकतो तोही मायक्रॉनच्या आतबाहेरचाच असतो. थराची जाडी आणि दोन्ही दात्यांचा मिळून खडबडीतपणा यांच्या गुणोत्तराला भोसरीत आम्ही लॅम्डा म्हणायचो. तो १ च्या खाली असला की एका दात्याची शिखरं दुसऱ्याच्या शिखरांना भिडतात. ३ च्या वर गेला की दाते तेलावर तरंगतात. तेलाचा थर वाढवणं आपल्या हातात फारसं नसतं, म्हणून शिखरं छाटायची. एवढाच सगळा विचार आहे, आणि तो अगदी बरोबर आहे.

यातलं पहिलं, खरं काम म्हणजे सुपरफिनिशिंग. ते असं होतं. मोठ्या थरथरत्या वाडग्यात चिनी मातीचे घट्ट, न कापणारे खडे असतात. त्यात गिअर टाकतात आणि सौम्य आम्लयुक्त द्रव सोडत राहतात. द्रवामुळे पोलादावर अगदी पातळ, मऊ पापुद्रा धरतो. खडे फक्त शिखरांवरचा पापुद्रा पुसतात, दऱ्यांमधला तसाच राहतो. पुसलेल्या जागी परत पापुद्रा धरतो, परत पुसला जातो. असं तासन्‌तास चालतं. शेवटी साबणाच्या पाण्यात तेच खडे फिरवून झळाळी आणतात. एकूण धातू जातो तो मोजके मायक्रॉन, आणि आरए ०.१ च्या खाली येतो. ग्राइंडिंगच्या रेघा पुसल्या जातात, पृष्ठभागाला कुठलीच दिशा उरत नाही. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सात, पवनचक्कीत, शर्यतीच्या गाड्यांत हे करतात ते उगाच नाही. तेलाचं तापमान उतरतं आणि दात्यांवर राखाडी डाग पडायचे थांबतात.

दुसरं काम म्हणजे फ्लॅप व्हील (एमरीच्या पट्ट्यांचं फिरणारं चाक), एमरी पेपर आणि बफ, हातानं घासणं. हे काम मी स्वतः केलेलं आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. धंदा सुरू करून दुसरंच वर्ष होतं. सांगलीच्या एका मुलाला नाशिकच्या रॅलीला जायचं होतं. त्याच्या तिसऱ्या गिअरची जोडी मी दोन रात्री बसून आधी ४०० च्या, मग ८०० च्या एमरीनं घासली आणि शेवटी बफ मारला. दिसायला दागिना झाला होता. गाडी जोडली आणि तिसऱ्यात अशी शिटी वाजायला लागली की गाडीत बोलणं ऐकू येईना. नवी जोडी माझ्या खर्चानं बसवली.

ज्या विभागात नऊ वर्षं काढली तिथलंच मी विसरलो होतो. दात्याची बाजू सरळ नसते. मधोमध दहा-पंधरा मायक्रॉनचा फुगवटा ठेवलेला असतो, त्याला क्राउनिंग म्हणतात. शाफ्ट भाराखाली किंचित वाकतो, तेव्हा भार दात्याच्या कडेवर जाऊ नये म्हणून ही तजवीज. टोकालाही तसाच थोडा उतार दिलेला असतो, पुढचा दाता लागताना ठोका बसू नये म्हणून. फ्लॅप व्हीलला यातलं काही कळत नाही. जिथे हात जड पडला तिथे वीस मायक्रॉन जातात, जिथे हलका पडला तिथे दोन. प्रत्येक दाता वेगळा होऊन बसतो. त्यात बफ एका जागी जास्त रेंगाळला तर पोलाद तापतं. हे दाते केस हार्डन केलेले असतात, वरचा साधारण मिलिमीटरभराचा थर ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) कडक, आतला गाभा चिवट. वरचा थर तापला की मऊ पडतो. कारखान्यात ग्राइंडिंगनं जळालेला दाता आम्ही नायटलमध्ये (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात) बुडवून शोधायचो, जळलेली जागा काळपट उठून दिसायची. गॅरेजमध्ये नायटल कुणाकडे असतं? तिथे तो दाता झळझळत बाहेर पडतो आणि थेट गाडीत जातो.

म्हणून विचारायचा पहिला प्रश्न: "मशीनमध्ये करता की हातानं?" हातानं असेल तर नमस्कार करून घरी या.

आणखी एक सल्ला आमच्याकडे हमखास मिळतो. हुपरी इथून जवळ. तिथे चांदीचे दागिने ड्रममध्ये फिरवून उजळतात, मग गिअरही त्यातच टाकू. नका टाकू. चांदी मऊ, तिला झळाळी हवी असते, माप नको असतं. गिअरचे दाते एकमेकांवर आपटले तर कडांना ठेच लागते, आणि नखभर ठेचसुद्धा टकटक आवाज करते. पद्धतशीर सुपरफिनिशिंगमध्ये गिअर एकमेकांना लागणार नाहीत याची काळजी घेतात.

उघडल्यावर काय बघायचं

आजऱ्याच्या जिप्सीचं तेल काढलं तेव्हा मी त्या मुलाला शेजारी बसवून घेतलं. ड्रेन प्लगला लोहचुंबक असतं. त्यावर काळसर करडा गाळ होता, बोटांवर घेतला तर काजळासारखा, कण लागत नव्हता. हा गाळ सगळ्याच गाड्यांत असतो, घाबरायचं कारण नाही. पण तेल पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात तिरकं धरलं तेव्हा त्यात सोनेरी चमक तरंगत होती. चुंबक पितळ धरत नाही, म्हणून प्लगवर काहीच दिसलं नव्हतं. ती चमक म्हणजे तिसऱ्याची सिंक्रो रिंग. रिंग कोनावर दाबून दातऱ्यांपर्यंतची फट फीलर गेजनं मोजली, ०.४ मिलिमीटर भरली. नव्या रिंगला ती साधारण १ मिलिमीटर असते, ०.५ च्या खाली आली की रिंग बदलायची.

तुमच्या तेलात टाचणीच्या टोकाएवढे किंवा मोठे पोलादी तुकडे सापडले, तर गोष्ट गंभीर आहे. मग पॉलिशचा विषयच संपला, कुठला तरी दाता किंवा बेअरिंग फुटतंय.

दाते डिझेलनं धुऊन, कोरडे करून, खिडकीच्या उजेडात बघा. बल्बखाली सगळंच चमकतं. त्या जिप्सीचे दाते मी त्याला दाखवले. जिथे दाता दात्याला लागतो त्या पट्ट्यात ते आधीच आरशासारखे झाले होते. ग्राइंडिंगच्या रेघा फक्त कडेला, जिथे काही टेकत नाही तिथे उरल्या होत्या. हे नीट समजून घ्या. नवे गिअर पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये एकमेकांची शिखरं स्वतःच मोडून घेतात. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीचे दाते जिथे चमकायला हवेत तिथे चमकून झालेले असतात. त्यांना परत पॉलिश करणं म्हणजे न लागणाऱ्या जागा उजळण्यासाठी पैसे मोजणं.

दात्याच्या मधल्या रेषेच्या खाली, मुळाच्या बाजूला, राखाडी, निस्तेज डाग दिसला तर तो मायक्रोपिटिंगचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खड्ड्यांचा. नख फिरवलं तर अडत नाही. यापुढे वाढू नये म्हणून पॉलिशचा उपयोग होऊ शकतो. पण नख अडत असेल, खड्डा दिसत असेल, तर तो खड्डा शेकडो मायक्रॉन खोल असू शकतो आणि पॉलिशमध्ये जाणार पाच. खड्डा तसाच राहील, फक्त चकाकणारा खड्डा होईल. तिथे जोडीच बदलायची. दाता निळसर किंवा तपकिरी दिसला तर तो तेलाविना चाललाय, मऊ पडलाय, तोही बाद.

मग करायचं कुणी?

शर्यतीची, रॅलीची गाडी. इंजिनची ताकद मूळच्या दीडपट-दुप्पट केलेली गाडी, जिच्यात तेल इतकं तापतं की दर दोन-चार फेऱ्यांनी काळं होतं. आणि गिअर नवे असतील, आधी कधी फिरलेले नसतील, तर उत्तम. तिथेही मी आधी डिफरन्शियल बघतो. त्यातली मोठ्या-लहान गिअरची जोडी, क्राउन-पिनियन, हायपॉइड असते, म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेलं. साध्या गिअरमध्ये दात्याच्या मधल्या रेषेवर दाते नुसते लोळतात, घासत नाहीत. हायपॉइडमध्ये लांबीच्या दिशेनं सगळीकडे, सगळा वेळ घसटच चालू असते. म्हणून तिथे शक्ती गिअरबॉक्सच्या जोडीपेक्षा कितीतरी पट वाया जाते आणि म्हणूनच डिफरन्शियलला घट्ट, गंधकयुक्त ॲडिटिव्हचं जीएल-५ दर्जाचं गिअर तेल लागतं. खिशात एकाच जोडीचे पैसे असतील तर क्राउन-पिनियन करा, गिअरबॉक्स राहू द्या. मात्र ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. पॉलिशला पाठवताना आणि परत घेताना दोन्हींवरचा नंबर आपल्या वहीत लिहून ठेवा. जोड्यांची अदलाबदल झाली तर सगळं गेलं.

पॉलिश करूनच घ्यायचं ठरलं तर काम देताना झाकायच्या जागा कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. वाडग्यातल्या खड्यांना दाता कुठला आणि बेअरिंगची बैठक कुठली हे कळत नाही, ते सगळीकडून सारखंच घेतात. बेअरिंग ज्या जागी दाबून बसतं तिथली पकड मायक्रॉनवर चालते. पाच-सहा मायक्रॉन गेले की बेअरिंग हातानं सरकायला लागतं आणि शाफ्टवर फिरून शाफ्ट खातं. तेव्हा बेअरिंगच्या बैठका, सिंक्रोचा कोन, दातऱ्या, स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांब खाचा), ऑइल सीलची जागा, हे सगळं झाकलेलं हवं. पाठवण्याआधी मायक्रोमीटरनं बैठकांची मापं घ्या, परत आल्यावर तीच मापं परत घ्या. आम्ही प्रत्येक शाफ्टसाठी एक पान ठेवतो.

त्यांना आणखी दोन गोष्टी विचारा. आरए मोजून कागद देणार का? रफनेस टेस्टर आता छोट्या छोट्या टूलरूममध्येही असतो, "डोळ्यानं दिसतंय की" हे उत्तर चालवून घेऊ नका. आणि द्रव कुठला, नुसतं तीव्र आम्ल तर नाही ना? कडक पोलाद तीव्र आम्लात राहिलं तर त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं, दाता महिनाभरानं अचानक तुटतो. शॉट पीनिंगही (पोलादी छर्ऱ्यांचा मारा) करायचं असेल तर आधी पीनिंग, मग पॉलिश. पीनिंगनं दात्याच्या मुळाशी दाब भरला जातो आणि दाता तुटायला अवघड होतो. तो दाबाचा थर पॉलिशच्या मोजक्या मायक्रॉनमध्ये जात नाही. उलटा क्रम केला तर पीनिंगचे छर्रे पॉलिश खराब करून ठेवतात.

परत आलेल्या गिअरची तेलाची भोकं तारेनं आणि हवेच्या प्रेशरनं साफ करा. एखादा खडा आत अडकलेला असतोच. धुतल्यावर लगेच तेल लावा, आमच्याकडच्या पावसाळी हवेत कोरडा, चकचकीत दाता एका रात्रीत गंजतो. डिफरन्शियल जोडताना बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा आणि मार्किंग पेस्ट लावून दाते कुठे टेकतात त्याचा ठसा नक्की बघा. पॉलिश आहे म्हणून सेटिंग आपोआप बरोबर येत नाही.

तेलाच्या बाबतीत एक चूक फार होते. जास्त ताकदीचं म्हणून गिअरबॉक्सातही जीएल-५ ओततात. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर तेच घाला. जीएल-५ मधलं ॲडिटिव्ह पितळी रिंगला मानवत नाही आणि रिंग घसरते, मग परत तीच कर्र.

आजऱ्याच्या जिप्सीत शेवटी काय झालं? तिसऱ्याची आणि सोबत दुसऱ्याची सिंक्रो रिंग बदलली, कारण दुसरीही ०.६ वर आली होती आणि गिअरबॉक्स उघडलेलाच होता. ट्रान्सफर केसमधली बेअरिंगं हातात फिरवली तर वाळू भरल्यासारखी खरखरत होती, ती सगळी बदलली. मागच्या डिफरन्शियलचं पिनियन बेअरिंग ढिलं होतं, ते घट्ट केलं, ठसा बघितला, मधोमध आला. सील नवीन, तेल नवीन. सगळं मिळून १४,६०० रुपये झाले. एकही दाता पॉलिश केला नाही. घूं आवाज पूर्ण गेला नाही, ट्रान्सफर केसची थोडी गुणगुण राहिली, ती त्या गाडीची जातच आहे आणि हे त्याला आधीच सांगितलं होतं.

पाचशे किलोमीटरनंतर त्याला परत बोलावलं आणि तेल काढलं. तुम्हीही मोठं काम झाल्यावर, पॉलिश केलेलं असो वा नसो, पाचशे ते हजार किलोमीटरमध्ये तेल एकदा बदला. नव्या रिंगांचा आणि बेअरिंगचा सुरुवातीचा कचरा त्यात असतो. प्लग पुसून ठेवा, आणि पांढऱ्या थाळीत तेल ओतून उन्हात धरा. त्याच्या तेलात या वेळी सोनेरी चमक होती, पण अगदी विरळ, नव्या रिंगेची. प्लगवर थोडं काजळ. पुढचं तेल चाळीस हजारावर बदल म्हणून सांगितलं आणि तारीख वहीत लिहून दिली.